राबवाले

पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबते, पण ती कर्जतसाठी थांबत नाही. पुढे घाट आहे. एका इंजिनाच्याने तो चढवत नाही, म्हणून गाडीच्या मागे आणखी एक इंजिन जोडावे लागते. ते जोडून होईपर्यंत गाडी उभी. तेवढ्यात उतारू पाय मोकळे करतात, चहा पितात, आणि परगावच्या माणसाला वाटते, हे कर्जत म्हणजे मोठेच ठिकाण असले पाहिजे.

या थांब्यावर आमच्या अण्णांनी नाव मिळवले. अण्णा कौन्सिलवाले होते. आमदार हा शब्द आमच्याकडे तेव्हा रुळला नव्हता. मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेलेला माणूस तो कौन्सिलवाला. कौन्सिल थंडीत मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला भरे. पुण्याच्या बैठकीला जाताना अण्णा कळंबच्या बाजूच्या आपल्या गावाहून बैलगाडीने कर्जतला येत. गाडी आली की माणसाने डब्यात बसायचे असते, हे मात्र त्यांना कधी पटले नाही. सामान डब्यात आणि स्वतः बाकावर. पाण्याच्या टाकीजवळ एक लाकडी बाक होता. मागचे इंजिन जोडून गार्ड शिट्टी फुंकीपर्यंत अण्णा त्या बाकावर बसून सगळ्या तालुक्याची गाऱ्हाणी ऐकत.

सामान डब्यात मी ठेवत असे.

गाऱ्हाणे घेऊन कोणीही येवो, अण्णांचे पहिले दोन शब्द ठरलेले. "आधी बस." म्हातारा असला तर "आधी बसा." बसल्याशिवाय ते कोणाचे ऐकूनच घेत नसत. उभा माणूस अर्धेच सांगतो, असे त्यांचे म्हणणे. बाकावर मावतील ते बाकावर, बाकीचे खाली फरशीवर. बाक भरला आणि एखादी म्हातारी आली, की हे उठून तिला जागा देत आणि स्वतः फरशीवर मांडी घालत. सरकारच्या कौन्सिलाचा सभासद फलाटावर मांडी घालून बसला आहे आणि बाकावर ठाकूरवाडीची बुधी पाय हलवत त्याला दटावते आहे, हे दृश्य पहिल्या वर्गाचे गोरे उतारू खिडकीतून पाहत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

"आण्णा, तू मागल्या टायमाला बी हेच बोललास," बुधी म्हणे. "बगतो, बगतो. डोलं फुटलं तुझं बगून बगून."

"फुटले खरे. आता तूच सांग काय करू?"

"मला काय म्हाईत? कौन्सिलात तू जातोस का मी जाते?"

यावर अण्णा मोठ्याने हसत. बुधी हसे. सगळा घोळका हसे. मी बाकामागे कागद घेऊन उभा असे. "आधी बसा" असे ते मला कधी म्हणाले नाहीत. माझे बोलणे ठरलेले असते, असे त्यांना वाटत असावे. तसे ते असेही. पहिले कलम, दुसरे कलम, तिसरे कलम, आणि गाडीची वेळ.

माझी कर्जतच्या बाजारात भाताची गिरणी आहे. तालुका लोकल बोर्डावर मी बरीच वर्षे आहे. गिरणीच्या दाराशी लोक मला पाहून उठून उभे राहतात. कोणाला सांगावे लागत नाही. कामाच्या जागी शिस्त असली की माणसे आपोआप उठतात, असे माझे मत होते. अण्णांना पाहून कोणी उठत नसे. उलट उभा असलेला खाली बसे. त्या माणसाला मान कसा घ्यावा हेच कळत नाही, असे मी पुष्कळांना बोलून दाखवले आहे.

दिसायलाही त्यांच्यात काही विशेष नव्हते. कोट चांगल्या कापडाचा, पण गुंडी एका घराने चुकलेली, त्यामुळे उजवी बाजू नेहमी डावीपेक्षा वर. बाराही महिने बगलेत छत्री. ती उघडलेली मी पाहिली नाही. भर श्रावणात भिजत येत आणि छत्री कोरडी राहावी म्हणून कोटाखाली धरत. घड्याळ नव्हते. वकिलीची परीक्षा दिलेली होती, पण वकिली अशी कधी केली नाही. दोन भाऊ बांधावरून भांडत आले, की हे दोघांना बसवून इतका वेळ बोलत ठेवत की शेवटी भावांना भूक लागून ते एकत्र घरी जात.

असा माणूस कौन्सिलात गेला कसा, ते मी सांगू शकतो, कारण त्या दिवशी जायला निघालो होतो मी.

पहिल्या निवडणुकीच्या आधी खालापूरला एका वकिलांच्या ओसरीवर कर्जत-खालापूरची मातब्बर मंडळी जमली होती. आपल्या बाजूचा उमेदवार ठरवायचा होता. मी तयारीने गेलो. कौन्सिलात जाणाऱ्या माणसाच्या अंगी काय काय हवे ते कागदावर मांडून नेले होते: वक्तशीरपणा, पत्रव्यवहार, टापटीप, गावोगावची माहिती. कागद मी वाचला. मंडळी माना डोलावत होती. नाव घालायचे विसरलेल्या लग्नपत्रिकेसारखा तो कागद होता. वाचणाऱ्याला नवरदेव कोण हे कळत होते. यजमान वकील घसा साफ करून माझ्याकडे पाहू लागले, आणि तेवढ्यात अण्णा आले.

सभा दुपारची होती आणि उन्हे उतरली होती. अण्णा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. पाताळगंगा नदीच्या उतारात एक बैलगाडी रुतली होती, ती काढायला ते थांबले. गाडी निघाली, पण मग गाडीवानाशी बोलत बसले.

"तो म्हणतो, तिथे उताराला दगडी फरशी हवी," अण्णा ओसरीच्या कडेला बसत म्हणाले. "मला पटलं. का हो वकीलसाहेब, कौन्सिलात फरशी मागता येते का?"

"येते की," वकील म्हणाले. "तुम्हीच जा नि मागा."

हशा पिकला आणि त्या हशातच सगळे ठरून गेले. मी हसलो नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बरोबर असाल तरच मी उभा राहतो. आणि पुढच्या खेपेला तुम्ही."

पुढच्या खेपेला तुम्ही. हे त्यांचे आवडते वाक्य झाले. पुढची खेप आली तेव्हा लोकांनी त्यांनाच धरून बसवले. त्याच्या पुढचीही गेली. माझ्या मनात काय होते, ते मी आडपडदा न ठेवता लिहितो: मला ती जागा हवी होती. कौन्सिलच्या सभागृहात माझे नाव पुकारले जावे आणि मी उठून उभे राहावे, असे मला वाटे. झोपेत नव्हे, भर दुपारी, गिरणीच्या आवाजात वाटे.

तोवर मी त्यांच्या निवडणुका केल्या. मत फक्त ठरावीक सारा भरणाऱ्यांना होते. मी गाववार यादी केली, कोणाला कोणत्या दिवशी भेटायचे ते आखले, बैलगाड्या सांगितल्या. अण्णा त्या यादीत नसलेल्या माणसांकडे जात. खोपोलीला मतदार हार घेऊन बसलेले आणि हे वाटेतल्या ठाकूरवाडीत नाचणीची भाकर खात बसलेले. वाडीत एकालाही मत नव्हते. मी ते त्यांना बजावले. "मत नाही, पण तोंड आहे ना?" एवढेच म्हणाले. खोपोलीला पोचलो तेव्हा हार सुकले होते. अण्णांनी मतदारांना उशिराचे खरे कारण सांगितले, भाकर कशी होती तेही सांगितले, आणि मतदारांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आखणीला कोणी कधी टाळी वाजवली नाही.

मोठ्या माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. एका वजनदार खातेदाराला त्यांनी एकाच बैठकीत दोन निरनिराळ्या नावांनी हाक मारली. मी घामाघूम झालो. निघताना मात्र वळून म्हणाले, "अहो, तुमचा पवळ्या लंगडत होता, बरा झाला का?" खातेदार इतका खूश झाला की आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आला. कौन्सिलवाल्यांनी बैलाची चौकशी केली, हे त्याने चार गावांना सांगितले.

मी चिवट माणूस आहे. जे दुसऱ्याला जमते ते पद्धतशीर केले तर आपल्यालाही जमेल, असे मी धरून चालतो. मी बैलांची माहिती जमवली. पुढल्या फेरीत एका घरी मुद्दाम विचारले, "तुमचा ढवळ्या काय म्हणतो?" तो दोन पावसाळ्यांमागे मेला होता. घरातली म्हातारी डोळ्यांना पदर लावून आत गेली आणि आम्हाला त्या घरी पाणीही मिळाले नाही.

आमच्या घरातसुद्धा तेच. पुण्याच्या गाडीआधी अण्णा आमच्याकडे जेवत. ते येणार म्हटले की आमच्या मंडळी आदल्या दिवसापासून वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून बिरडे करत. एरवी मी बिरडे कर म्हटले तर वाल सोलायला वेळ नसे.

"वहिनी, हे बिरडं सोडून पुण्याला जायचं म्हणजे शिक्षाच," अण्णा म्हणत.

"घ्या हो अजून थोडं. आमच्याकडे काय, मीठ कमी पडलं तरच कळतं जेवण झालं म्हणून," ती म्हणे, माझ्याकडे न पाहता.

मी गाडीची वेळ सांगे. ती वाढत राही.

आता राबाविषयी. आमच्याकडे भाताची रोपे करायची तर उन्हाळ्यात त्या जमिनीवर शेण, झाडांचा टाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या-डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते भाजतात. याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप जोमाने येत नाही. त्यासाठी टाळ लागतो, आणि टाळ जंगलात. जंगल सरकारचे. जंगल खात्याने ऐनाच्या झाडांना हात लावायला बंदी केली तेव्हा डोंगराकडेची गावे आणि वाड्या हवालदिल झाल्या.

"रखवालदार येतो नि कोयतं काढून नेतो," बुधीने बाकावर बसून सांगितले. "राब नाय भाजला तं पेरायचं कुटं रं, तुज्या छत्रीत?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न लिहायचे काम माझे. मी इंग्रजीत प्रश्न तयार केला. आजही म्हणेन, त्याहून रेखीव प्रश्न त्या बैठकीत दुसरा नव्हता. पोटकलमे, खात्याच्या हुकमाचा हवाला, शेवटी विनंती. अण्णांनी तो न वाचताच सही करून पुण्याच्या कचेरीत दिला. मी मुद्दाम पुण्याला गेलो आणि प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो, कारण तो माझा प्रश्न होता.

सरकारी बाजूचे एक साहेब उठले आणि त्यांनी उत्तर वाचले. कर्जत व खालापूर भागात रबीचे पीक जवळजवळ नाही; सबब रबीसाठी कोणतीही सवलत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मला काही कळेना. नंतर उलगडा झाला. कचेरीत प्रश्नाची नक्कल करणारा कारकून होता देशावरचा, सोलापूरकडचा. त्याच्या बापजाद्यांनी कधी राब पाहिला नव्हता. त्याला वाटले, अर्जदाराचे शेवटचे अक्षर राहून गेले. त्याने आपणहून राबाची रबी केली. मी भेटलो तेव्हा मोठ्या आपुलकीने म्हणाला, "आपल्या मजकुरात एकच चूक होती, ती मी दुरुस्त केली." माझ्या लेखनात आयुष्यात कोणी चूक काढली असेल तर ती त्याने, आणि ती चूक नव्हती.

पण सभागृहात उत्तर वाचले गेले तेव्हा अण्णांना ते लगेच कळले. ते हसू लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. अध्यक्षांनी विचारले, सभासदांना काही विचारायचे आहे का? अण्णा उठले. गुंडी नेहमीप्रमाणे चुकलेली.

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "मी इंग्रजी शिकलो आहे, पण आमचा राब शिकलेला नाही. त्याच्याबद्दल मराठीत बोलू द्यावं."

परवानगी मिळाली. अण्णांनी कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, चालत पुढे गेले आणि साहेबांच्या पुढच्या मेजावर ती सोडली. आत भाजलेली काळी माती. थोडी साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर पडली.

"ही आमची रबी," अण्णा म्हणाले. "आमच्या बायका हिच्यात भात पेरतात. ऐनाचा टाळ तोडला तर झाड पुन्हा फुटतं. राब चुकला तर माणूस पुन्हा फुटत नाही."

सगळे सभागृह हसत होते आणि मग हसणे थांबले. मी सज्जात बसून एकच विचार करत होतो, की ही माती त्यांनी कर्जतहून खिशात घालून आणली आणि मला सांगितले नाही. सामान डब्यात मीच ठेवले होते. मला माती दिसली नाही.

प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते साहेब हवा खायला माथेरानला आले. मी त्यांच्या भेटीसाठी रीतसर अर्ज धाडला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. अण्णा नेरळहून पायवाटेने डोंगर चढून गेले आणि साहेबांना घोड्यावर बसवून खाली घेऊन आले. कसे आणले ते त्यांनाच ठाऊक. बुधीच्या वाडीखाली राब धुमसत होता. साहेबांनी बूट पुढे करून राख चाचपली आणि बूट झटकन मागे घेतला.

"भाजला का?" बुधी म्हणाली. "आधी बस." आणि तिने साहेबांना एका ओंडक्यावर बसवले. साहेबांना शब्द कळले नाहीत, पण ते बसले. बसल्यावर तिने त्यांना सगळे सांगितले, अण्णांनी इंग्रजी केले. पावसाच्या आधी हुकूम निघाला. ठरलेल्या जंगलात, ठरलेल्या रीतीने, ऐनाचा टाळ तोडायची मोकळीक.

तेव्हापासून लोक अण्णांना राबवाले म्हणू लागले. अण्णा मात्र ती गोष्ट सांगताना माझेच नाव पुढे करत. "आमच्या या गृहस्थांनी असा चोख प्रश्न लिहिला," ते बाकावरून सांगत, "की सरकारला त्याचं उत्तरच देता येईना. मग त्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं!" घोळका पोट धरून हसे. ते माझी स्तुतीच करत होते. मला माहीत आहे. स्तुतीने एवढे लागते हे मला त्यांच्यामुळे कळले.

कर्जतला त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी कहर केला. हार गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "मी पुढचं इंजिन. माझं काम शिट्टी मारायची. गाडी घाट चढते ती मागच्या इंजिनावर, आणि ते हे उभे आहेत."

झाले. दुसऱ्या दिवसापासून मी मागचं इंजिन. गिरणीवर भात घेऊन आलेली माणसे बाहेर एकमेकांना विचारत, "मागचं इंजिन हाय का आत?" मी दारात आलो की उठून उभी राहत, पण चेहरे हसरे. त्या इंजिनाचे काय होते ते कर्जतच्या माणसाला सांगायला नको. घाट संपला की ते सोडतात. गाडी पुण्याला जाते आणि ते एकटे उलट खाली येते.

आणि मग एकदा, मी आशा सोडली होती तेव्हा, अण्णा म्हणाले, "या खेपेला तुम्ही."

मला खरे वाटेना. म्हटले, "का?"

"तिथल्या खुर्च्या फार मऊ झाल्या आहेत. बसलं की झोप येते." छातीचा त्रासही सुरू झाला होता, पण त्याबद्दल ते बोलले नाहीत. लोकांनी पुन्हा गळ घातली. या वेळी ते बधले नाहीत. उलट माझ्यासाठी गावोगाव फिरले. मी आखलेल्या वेळांपैकी एकही पाळली नाही.

मतदानाच्या दिवशी मी खालापूरच्या केंद्राबाहेर उभा होतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने आत अधिकाऱ्याला उमेदवाराचे नाव सांगायचे आणि अधिकाऱ्याने खूण करायची, अशी रीत होती. अधिकारी परजिल्ह्यातला, कडक. पहिला शेतकरी आत गेला आणि आतून आवाज आला, "कोण? पुन्हा सांगा."

"मागचं इंजिन."

"असा कोणी उमेदवार नाही. नाव सांगा."

"तेच नाव हाय. राबवाल्यांनी सांगितलंय, मागच्या इंजिनाला द्या."

"खरं नाव काय त्याचं?"

"ते कोनाला म्हाईत हाय, सायब? आमी हेच म्हंतो."

मी बाहेर उभा, माझे खरे नाव मला तोंडपाठ, आणि आत जाऊन सांगायची मला बंदी. दुसरा गेला, तोही इंजिन. तिसऱ्याने तर शिट्टीच करून दाखवली. विरुद्ध बाजूच्या माणसाने हरकत घेतली. अधिकाऱ्याचा घाम निथळू लागला. अण्णा रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बसले होते. गडबड कळली तसे त्यांनी रांगेतल्या एकेकाला बोलावून, आधी बसवून, माझे नाव वदवून घ्यायला सुरुवात केली. लहान मुलांना परवचा घोकायला लावतात तसे शेतकरी माझे नाव घोकत होते. काही जण दारापर्यंत जाऊन विसरत आणि परत येत. संध्याकाळपर्यंत असे चालले.

मी निवडून आलो. त्या भागातली मते अण्णांनीच मिळवून दिली, हे सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी ते मला सांगायचे बाकी ठेवले नाही. तरी जागा माझी होती.

पहिली पावसाळी बैठक पुण्याला. नवा कोट शिवला, गुंड्या बरोबर लावल्या. मंडळींनी डबा दिला. बिरडे नव्हते, विचारले नाही. गाडी आली तसा मी लगेच पहिल्या वर्गाच्या डब्यात जाऊन बसलो. ट्रंक वर, छत्री कोपऱ्यात. गाऱ्हाणी लिहून घ्यायला कोरे कागद मांडीवर. खिडकी उघडी ठेवली. मागचे इंजिन जोडायला अजून अवकाश होता.

खिडकीशी कोणी आले नाही.

डोके बाहेर काढून पाहिले तर पाण्याच्या टाकीजवळ घोळका. अण्णा बाकावर. ते आता कोणी नव्हते, पुण्याला जायचे नव्हते, छातीचे दुखणे घेऊन कळंबकडून मला निरोप द्यायला आले होते, आणि बसले होते. लोक बसले होते. हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. सगळ्या तालुक्याने निवडलेला माणूस गाडीत होता आणि तालुका बाकावर होता.

मी उतरलो. कागद घेऊन तिकडे गेलो. मला पाहून अण्णांचा चेहरा उजळला.

"अरे, हे आले बघा! सरका, सरका जरा." त्यांनी आपल्या शेजारची जागा थोपटली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, "आधी बसा."

मी बसलो. बाक वाटला होता त्यापेक्षा अरुंद निघाला. अण्णांच्या पलीकडे बुधी बसली होती. म्हातारी झाली होती, पण पाय तसेच हलत होते.

"बुधी," अण्णा म्हणाले, "मला सांगत होतीस ते आता यांना सांग. यापुढे कौन्सिलवाले हे."

बुधीचे हलते पाय थांबले. ती बाकावरून उतरली, पदर सारखा केला, आणि माझ्यासमोर उठून उभी राहिली. तिच्यामागे फरशीवरचे लोकही एकेक करून उभे राहिले. कोणी सांगितले नव्हते.

मागे गाडीला इंजिन लागल्याचा धक्का ऐकू आला. आता गार्ड शिट्टी फुंकणार होता.

"अगं, बस," मी म्हणालो. "आधी बस, मग बोल."

"नको, शेट," बुधी हात जोडून म्हणाली. "मी हाय ती बरी हाय."